ट्रंक घ्यायला आलेली बाई

आधी मला थोडं रागावू द्या. पुढे जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोला नाही, मुलांना नाही, देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हासुद्धा नाही – आणि रागाचा टेकू घेतल्याशिवाय ते तोंडातून निघेल असं वाटत नाही. म्हातारपणी माणूस शांत होतो म्हणतात. कोण म्हणतं? माझा संताप तर वयाबरोबर वाढतोच आहे.

ताजं कारण असं. गेल्या महिन्यात माझी नात मोबाइल घेऊन आली. "आजोबा, हे देखा ना, तुमच्या लेक्चरवाली पिक्चर. पूरी आहे, फ्रीमध्ये." मी पाहिली. अमेरिकेतला जुना मूकपट, मी जन्मायच्या आधीचा. नवऱ्यानं खोट्या संशयावरून घराबाहेर काढलेली बाई, तिचे हाल, आणि शेवटी तिचं त्याच दारात परत येणं. ती मान खाली घालते, काळ्या पाटीवर अक्षरं येतात – मला क्षमा करा. क्षमा! तिनं मागायची! नवरा दार उघडतो, ती आत जाते, दार बंद. संपलं. नात म्हणाली, "कित्ती बोअर एंड आहे." आणि मी, सगळं माहीत असूनसुद्धा, शेवटपर्यंत एका ट्रंकेची वाट पाहत होतो. कुठली ट्रंक, ते सांगतो. पण त्या दिवशी मला इतका राग आला की मी मोबाइल तिच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

राग कुणाचा? आधी अमेरिकेचाच घेऊ, ती लांब आहे, सोपं जातं.

लोकांना वाटतं, तिथला सिनेमा म्हणजे पहिल्यापासून बंगले, मोटारी आणि पोहण्याचे तलाव. कसलं काय! सुरुवात झाली ती पूर्वेकडच्या शहरांत, दुकानांच्या गाळ्यांत, जिथे लोक बाकांवर दाटीवाटीनं बसून हलती चित्रं बघायचे. यंत्रांचे हक्क मूठभर लोकांनी आपसांत वाटून घेतलेले – आमच्या परवानगीशिवाय कुणी कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचं नाही. ज्यांना हा जाच सोसवेना ते उठले आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, संत्र्यांच्या बागांकडे गेले. तिथे ऊन भरपूर, आणि कोर्टाचा माणूस पोचायला वेळ लागायचा. म्हणजे हा सगळा डोलारा उभा केला तो बऱ्याच अंशी पळपुट्यांनी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पळपुट्यांना नावं ठेवण्याची माझी लायकी नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. त्या पहिल्या वर्षांत बरेचसे मालक पडद्यावर नटनट्यांची नावंच देत नसत. का? नाव झालं की भाव वाढेल! ज्या मुलीचा चेहरा बघायला गावंच्या गावं लोटायची, तिला लोक 'अमक्या कंपनीची मुलगी' म्हणून ओळखायचे. आणि इतर बायका? कथा लिहायला बायका, फिल्म कापून जोडायला बायका, आणि काही ठिकाणी तर कॅमेऱ्याशेजारी उभं राहून सगळ्यांना हुकूम सोडायलाही बाईच. धंदा लहान होता तोवर चाललं. मग मोठा पैसा आला, आणि बायका हळूहळू दाराबाहेर गेल्या. पुढे इतिहास लिहिणाऱ्यांना त्यांची आठवणसुद्धा राहिली नाही. मी यावर जन्मभर लेख लिहिले. 'नावं गिळणारे लोक' हे शब्द माझे. लोक म्हणायचे, सर, तुमच्या लेखणीला काय धार आहे! असणारच ना. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

बरं. आता घरी येतो.

माझ्या थोरल्या भावाच्या पत्नीचं नाव द्वारका. नाव आधीच लिहून टाकतो, कारण सगळं भांडण त्याचंच आहे. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भावजी. दादा माझ्याहून बराच मोठा, आणि तो लवकर गेला. वहिनींना मूल नव्हतं. त्या आमच्याच घरात राहिल्या, आईचं दुखणं काढलं, दोन्ही वेळची चूल सांभाळली आणि दुपारी पुस्तकं घेऊन बसून बाहेरून मॅट्रिक झाल्या. आमच्या घरात याचं कुणाला फार कौतुक वाटलं नाही. इंग्रजी तर त्यांना आधीच येत होतं. त्यांचे वडील राजवाड्यातल्या कचेरीत साहेबांची पत्रं लिहायचे, त्यांनी मुलीला घरीच शिकवलं होतं.

त्या इंग्रजीपायी लग्नाआधी वहिनींना एक विलक्षण काम मिळालं होतं. संस्थानी काळ. इंदुरात पत्र्याच्या छपराचं एक थिएटर होतं, तिथे हे अमेरिकन मूकपट यायचे. पडद्यावर चित्र हलायचं आणि मधेमधे काळ्या पाटीवर इंग्रजी ओळी यायच्या. खाली पुरुषांसाठी एक धिप्पाड माणूस छडी घेऊन उभा असायचा, तो त्या ओळी हिंदीत ओरडून सांगायचा, शेजारी पेटी आणि तबला. बायका वरच्या गॅलरीत, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. त्यांना खालचं धड ऐकू यायचं नाही, आणि यायचं ते बायकांनी ऐकण्यासारखं नसायचं. म्हणून थिएटरच्या मालकानं वहिनींच्या वडिलांना गळ घातली – तुमच्या मुलीला वर बसवा, ती बायकांना ओळी वाचून सांगेल. वडील जिन्यात खुर्ची टाकून पहारा द्यायचे आणि परकर-पोलक्यातल्या द्वारका वर बसून दरबारी घरांतल्या बायकांना, मल्हारगंजातल्या शेठाण्यांना आणि त्यांच्या मोलकरणींना सिनेमा सांगायच्या. एक वाक्य मराठीत, एक हिंदीत, मधेच माळवीत. ज्या बायका एकमेकींच्या हातचं पाणी प्यायच्या नाहीत, त्या तिथे एका सतरंजीवर बसून एकाच वेळी डोळे पुसायच्या.

लहानपणी मी हे ऐकायचो ते त्या पोळ्या लाटत असताना. वहिनी सिनेमा सांगायला लागल्या की लाटणं थांबायचं, तव्यावरची पोळी करपायची आणि आई माजघरातून ओरडायची. घराबाहेर काढलेल्या त्या बाईची गोष्ट मी कितीदा ऐकली असेल! वहिनींच्या गोष्टीतला शेवट असा: बाई दारात येते. मान खाली घालते – कारण उंबरठा नव्यानं रंगवलेला दिसतो, तिच्याशिवाय घर छान चाललंय हे तिला कळतं. नवरा दार उघडतो. तो समजतो, ही राहायला आली. ती म्हणते, "मी माझी ट्रंक घ्यायला आलेय." दार बंद होतं. आणि बंद दारामागे ती आपली ट्रंक उचलते आणि मागच्या दारानं निघून जाते. "पडद्यावर दिसत नाही ते, भावजी. पण जाते."

काय शेवट आहे! मी आजही म्हणतो, काय शेवट आहे.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा संस्थान जाऊन मध्यभारत राज्य आलं होतं. राजधानी काही महिने आमच्याकडे, काही महिने ग्वाल्हेरला, त्यामुळे निम्मे कारकून कायम सामान बांधत तरी असायचे किंवा सोडत तरी. राजवाड्याजवळ ट्रंकांवर पांढऱ्या रंगानं नावं घालून देणारा एक रंगारी बसायचा, त्याची त्या वर्षांत चांदी झाली. अशातच देवासजवळच्या एका गावात मुलींची शाळा निघायची होती. शिक्षिका हवी होती, राहायला आवारातच खोली. शाळेच्या कमिटीवर होते तात्यासाहेब – कचेरीतून निवृत्त झालेले, वहिनींच्या वडिलांना ओळखणारे. त्यांनी वहिनींचं नाव सुचवलं होतं, जवळजवळ नक्कीच झालं होतं. वहिनींनी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. मल्हारगंजातल्या लोहाराकडून तिला नवी कडी बसवून घेतली, हिरवा रंग दिला आणि रंगाऱ्याकडून झाकणावर नाव घालून आणलं – द्वारका. आडनाव नाही, आमचंही नाही आणि माहेरचंही नाही. चाळिशीला आलेली ती बाई येताजाता त्या ट्रंकेवर हात फिरवायची. मला ते दिसत होतं.

आणि त्याच वर्षी गणपतीत आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेत मला बोलावलं. गीतेवर आणि शिवाजी महाराजांवर दर वर्षी व्हायचंच, पोरांना काहीतरी नवं हवं होतं. मी विषय दिला, 'अमेरिकेत सिनेमा कसा जन्मला.' लायब्ररीतून दोन इंग्रजी पुस्तकं आणली. त्यांत हक्कांची भांडणं होती, पळापळ होती, संत्र्यांच्या बागा होत्या. पण सिनेमे कुठे होते? पुस्तकात सिनेमा दिसत नाही. मग मी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलो आणि म्हणालो, वहिनी, सांगा. त्यांनी आठ दिवस सांगितलं. माझ्या व्याख्यानातलं जे जे जिवंत होतं, ते त्या पाटावर बसून ऐकलेलं.

व्याख्यान रंगलं. खोटं कशाला बोलू, फार रंगलं! मांडव भरलेला, उजवीकडे बायका, डावीकडे पुरुष. बिननावाच्या नटनट्यांवर आलो तेव्हा माझा आवाज चढला. "मंडळी, जिच्या जिवावर हे मालक गबर झाले, तिचं नाव पडद्यावर द्यायला यांचा हात धजला नाही!" टाळ्या. अहो, काय टाळ्या! आणि वहिनी बायकांत दुसऱ्या रांगेत बसलेल्या. माझ्या भाषणात त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. वाक्यं त्यांची, हातवारे त्यांचे, थांबायच्या जागासुद्धा त्यांच्याच – आणि 'माझ्या अभ्यासात असं आढळलं' हे माझं. त्याच मांडवात, त्याच तोंडानं! मला तेव्हा काही खटकलं का? नाही. टाळ्यांत खटकतं कुणाला?

मग मी शेवटचा म्हणून राखून ठेवलेला तो सिनेमा सांगितला. बाई दारात आली, ट्रंक घ्यायला आलेय म्हणाली, दार बंद झालं. आणि पुढच्या खुर्चीतून तात्यासाहेब उठले.

"प्रोफेसरसाहेब, एक मिनिट. ती पिक्चर मीपण देखलीय, दोनदा. खाली, पहिल्या लायनीत. ती बाई माफी मागते नवऱ्याची. साफ लिहून येतं इंग्रजीत, मला वाचता येतं. ही ट्रंक-बिंक कुठनं काढली तुम्ही?"

मागून एक पोरगा ओरडला, "भिया, ट्रंक में था क्या?" आणि मांडव हसला. टाळ्या देणाराच मांडव.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? कितीतरी गोष्टी करता आल्या असत्या. मी केलं ते असं – हसलो, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणालो, "तात्यासाहेब, क्षमा करा. हा भाग मी आमच्या वहिनींकडून ऐकला. द्वारकावहिनी, त्या तिकडे बसल्या आहेत. त्यांनी खरं म्हणूनच सांगितलं मला. बायकांच्या गोष्टी, मी विश्वास ठेवला, चूक माझीच." आलं का लक्षात? टाळ्यांच्या वेळी जे नाव मला सापडलं नाही, ते आता बरोबर सापडलं. बोट दाखवण्यापुरतं! सगळा मांडव वळून बायकांकडे बघायला लागला आणि पुन्हा हसला. एक म्हातारी शेठाणी मात्र भडकून उभी राहिली. "हँसते क्या हो? हमने तो ऊपर बैठके यही देखी है. बाई ट्रंक लेके गई." त्यावर आणखीच हशा पिकला. वहिनींनी पदर सारखा केला. उठून गेल्या नाहीत. आरतीपर्यंत बसल्या, प्रसाद घेतला आणि माझ्यासाठीही पुडी बांधून आणली.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बरं, तरुण होतास, गडबडलास. वहिनींनीही सांगताना जरा मीठमसाला लावलाच होता, तू फसलास, तोंडातून निघून गेलं. मंडळातसुद्धा सगळे हेच म्हणाले – भोळा आहे बिचारा, वहिनीवर विसंबला. मी ते म्हणू दिलं. पुढची सगळी वर्षं म्हणू दिलं.

पण मी फसलो नव्हतो. हे खरं सांगायचं आहे, बाकी सगळं इथवर येण्यासाठी होतं.

वहिनींनी मला सांगितलं होतं. व्याख्यानाच्या आधी, पाटावर, स्पष्ट, माझ्याकडे बघून. लाटणं खाली ठेवून म्हणाल्या, "भावजी, एक ध्यानात ठेवा हं. हे शेवट पिक्चरमधले नाहीत, माझे आहेत. पाटीवर माफी लिहिलेली यायची, पण वर बसलेल्या बायकांना मी काय तेच वाचून दाखवू? घरी जाऊन त्यांना तेच करायचं असायचं. पडद्यावर ओठ हलायचे, ऐकू कुणालाच यायचं नाही. मग मीच बोलायची. तुम्ही सांगणार असाल तर तसं सांगून सांगा – वर मी असं सांगायची म्हणून." केवढी सरळ गोष्ट! आणि विचार करा, केवढं मोठं व्याख्यान झालं असतं ते. एकच थिएटर, एकच पडदा. खाली बाई माफी मागतेय आणि वर तीच बाई ट्रंक घेऊन निघालीय. इंदुरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं एक वेगळीच अमेरिका पाहिली, आणि ती एका परकरातल्या पोरीनं रचलेली. हे जगात दुसऱ्या कुणाकडे होतं? माझ्याकडे आयतं होतं. पण ते सांगायचं तर वहिनींचं नाव सांगावं लागलं असतं, आणि मग मी कोण? नुसता ऐकणारा. म्हणून मी त्यांचा शेवट तेवढा उचलला आणि तो अमेरिकेच्या नावावर खपवला.

संतापलात ना? मीही संतापलेलोच आहे. पण अजून संपलेलं नाही.

चारेक दिवसांनी तात्यासाहेब घरी आले. गणपती उठले होते. बैठकीत आम्ही दोघंच, वहिनी आत चहा टाकत होत्या. माणूस वाईट नव्हता. मांडवात सगळ्यांसमोर टोकलं याचं त्यांना वाईटच वाटलं असावं. म्हणाले, "मी साफच पूछतो. कमिटीत बात निघालीय. बाई हुशार आहे, पण मुलींना शिकवायचं म्हणजे... तिनं तुम्हाला झूठ सांगितलं, का तुमचीच सुनण्यात काही गडबड झाली? तुम्ही म्हणाल तसं मी तिकडे सांगतो. बात तिथेच खतम."

म्हणजे त्यांनी माझ्या हातात आणून ठेवलं होतं. एका वाक्याचं काम! गडबड माझी झाली, त्यांनी आधीच सांगितलं होतं – बास. मांडवातसुद्धा नव्हे, बैठकीत, एका म्हाताऱ्यासमोर. फार तर काय, तात्यासाहेबांच्या नजरेतून मी उतरलो असतो.

मी म्हणालो, "झूठ असं नाही, तात्यासाहेब. पण वहिनींना खऱ्याखोट्यातला फरक कधीकधी कळत नाही."

हे मी म्हणालो. शांतपणे, जरा काळजीच्या सुरात, घरच्या माणसानं म्हणावं तसं. त्यात दुसऱ्याला दिसेल असा राग नव्हता, म्हणून तर ते लागू पडलं. तात्यासाहेबांनी मान हलवली, चहा प्यायले आणि गेले. शाळेत दुसरी बाई लागली.

नुसतं नाव वाचवायला म्हणालो का? तसं असतं तरी मी स्वतःला जरा कमी शिव्या दिल्या असत्या. पण त्या वाक्याच्या आधी, तात्यासाहेब बोलत होते तेवढ्या वेळात, माझ्या डोक्यात दुसरंच येऊन गेलं होतं – वहिनी गेल्या तर आईचं कोण करणार? सकाळचा डबा? माझं लग्न व्हायचं होतं, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. एका पोळीसाठी, अहो, ताज्या पोळीसाठी! अमेरिकेतल्या त्या मालकांनी निदान धंद्यासाठी नावं गिळली. मी कशासाठी?

वहिनींनी ते वाक्य ऐकलं असेल का? स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधे लाकडी फळ्यांची भिंत होती. त्यातून फोडणीचा आवाज यायचा. बरीच वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की स्टोव्ह चालू होता. त्यांनी ट्रंक ओढत नेऊन माळ्याखाली ठेवली, एकट्यांनीच. मी उठलो नाही. पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, वहिनींनी ती वाढवली. पण सिनेमा सांगणं बंद. एकदा माझी मुलगी त्यांच्या मांडीवर चढून गोष्ट मागत होती. मी तिथेच पेपर वाचत होतो. वहिनी तिच्या केसांतून हात फिरवत, हसून म्हणाल्या, "बाबांना विचार गं. मला खऱ्याखोट्यातला फरक कळत नाही." तेच शब्द. त्याच क्रमानं. मी पेपर वर धरला आणि वाचत राहिलो.

त्या आमच्याच घरात म्हाताऱ्या झाल्या आणि आमच्याच घरात गेल्या. शेवटपर्यंत माझ्या ताटात पहिली पोळी त्यांच्या हातची. मी त्यांची माफी मागितली नाही. संधी नव्हती असं म्हणू नका, रोज दोन वेळा समोरासमोर बसायचो. आणि त्याच वर्षांत माझे ते लेख छापून येत होते, बिननावाच्या बायकांवर, धारदार!

नातीनं मोबाइल दाखवला त्या दिवशी गॅलरीत उभा राहून मी चिडलो होतो तो त्या सिनेमावर नव्हे. ज्यानं ती पाटी लिहिली त्याला निदान दुसरा शेवट माहीत नव्हता. मला माहीत होता, आणि तो लिहिणारीही माझ्याच घरात राहत होती.

ट्रंक आहे अजून. मागच्या खोलीत, तिच्यात गोधड्या असतात. वहिनी गेल्या त्या वर्षी दिवाळीला घर रंगवायला काढलं तेव्हा बायको म्हणाली, ही फार खराब दिसते, हिलाही एक हात मारून टाका. मी मारला. झाकणावर पांढरी अक्षरं होती, पहिल्या हाताखाली ती दिसत होती, म्हणून दुसरा हात दिला. घर रंगवणारा रंगारी तेव्हा बाहेरच्या ओसरीत काम करत होता. ब्रश माझ्या हातात होता.